बहुरूपी आणि काचपट्टी

१९०६ साली लंडनमध्ये सर जोनाथन हचिन्सन यांचं एक पुस्तक निघालं. विषय होता महारोग आणि मासे. नीट न खारवलेला, अर्धाकच्चा कुजलेला मासा पोटात गेला की त्यातून महारोग होतो, असा त्यांचा सिद्धान्त. तो पटवून देण्यासाठी सत्तरी ओलांडलेले हचिन्सनसाहेब दक्षिण आफ्रिकेत आणि हिंदुस्थानातही फिरून गेले होते.

हर्णे बंदरावरच्या एखाद्या कोळणीच्या कानावर हे गेलं असतं, तर तिने साहेबाला पुळणीवर उभा करून चार शब्द सुनावले असते. सुवर्णदुर्गासमोरच्या या किनाऱ्यावर बोंबील, सुकट, बांगडा किती पिढ्या वाळत घातला जातोय याची गणती नाही. माशाने महारोग होत असता तर हर्णे, पाजपंढरी, आंजर्ले ही गावं ओस पडायला हवी होती आणि मासळीचा वासही न सोसणारी घरं सुखरूप राहायला हवी होती. रोग दोन्हीकडे होता. हचिन्सनना हिंदुस्थानातून जे आक्षेप गेले त्यांत हाच मुख्य होता: जे मासे खात नाहीत त्यांचं काय? त्यावर त्यांच्याकडे उत्तरं होती, पण ती ऐकून कुणाचं समाधान झालं नाही.

हचिन्सन कुणी भोंदू नव्हते, म्हणून ही गोष्ट सांगण्यासारखी. उपदंश म्हणजे सिफिलिस, ज्याला आपल्याकडे गरमी म्हणत, त्या रोगाचं त्यांच्याइतकं ज्ञान त्या काळात फार थोड्यांना होतं. आईकडून गर्भातच उपदंश मिळालेल्या मुलांच्या दातांची खूण आजही त्यांच्या नावाने शिकवतात. हा रोग दुसऱ्या रोगांची नक्कल करतो, हे त्यांनी १८७९ साली एका व्याख्यानात सविस्तर मांडलं होतं. आपल्याकडचा बहुरूपी जसा एका दारात फौजदार होऊन येतो आणि पुढच्या दारात गोसावी, तसा हा रोग. एकाच्या अंगावर सोरायसिससारखे पापुद्रे, दुसऱ्याच्या अंगावर गजकर्णासारखी वर्तुळं, तिसऱ्याच्या चेहऱ्यावर महारोगासारख्या गाठी. इतकं ज्याला दिसत होतं, तो माणूस महारोगाच्या बाबतीत माशापाशी कसा अडकला? महारोगाचा जंतू हान्सेनने नॉर्वेत १८७३ सालीच पाहिला होता, आणि हचिन्सनना तो मान्यही होता. तो शरीरात शिरतो कुठून, एवढंच त्यांनी निरीक्षणावरून ठरवलं: रोग कुठे आहे, लोक खातात काय, आणि दोन्हींचा मेळ घातला. डोळा तल्लख होता, पण नुसत्या डोळ्यावर विसंबणं किती धोक्याचं असतं याचा हा नमुना. उपदंशाच्या बाबतीत तर जगातले सगळेच वैद्य चारशे वर्षं नुसत्या डोळ्यावर विसंबून होते.

आपल्या किनाऱ्यावर हा रोग पोर्तुगिजांच्या पाठोपाठ आला. युरोपात १४९५ च्या सुमाराला नेपल्सच्या स्वारीत तो भडकला, १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोचला, १५१० मध्ये गोवा पोर्तुगिजांकडे गेला. सोळाव्या शतकातल्या भावमिश्राने ‘भावप्रकाशा’त या रोगाला सरळ फिरंग म्हटलं. फिरंग्यांच्या संसर्गाने होतो म्हणून फिरंग. त्याच्या आधीच्या संहितांत हे नाव नाही. भावमिश्राने त्याचे तीन प्रकार सांगितले: बाहेरचा, म्हणजे कातडीवरचा, आतला, म्हणजे सांध्यांत आमवातासारखा ठणकणारा, आणि दोन्हीकडे पसरलेला. पुढे होणाऱ्या उपद्रवांत अशक्तपणा, भूक मंदावणं, हाडं सुकणं, वाकणं आणि नाक बसणं. आजच्या पाठ्यपुस्तकाशी ताडून पाहिलं तर वर्णन चोख आहे. बसलेलं नाक ही तिसऱ्या टप्प्याची खूण, सांधेदुखी दुसऱ्या टप्प्यातली. सूक्ष्मदर्शक नसताना हे टिपलं गेलं, याचं मला कौतुक वाटतं.

औषधं दोन. एक रसकापूर, म्हणजे पाऱ्याचा क्षार. दुसरी चोपचिनी, चीनमधून येणारी मुळी. गोव्यात राहून ‘कोलोकियुश’ हा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ लिहिणाऱ्या गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने तिच्यावर एक अख्खा संवाद खर्ची घातला आहे. ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला. (ऑर्ता मूळचा ज्यू घराण्यातला. मरणानंतर बारा वर्षांनी, १५८० मध्ये, इन्क्विझिशनने त्याची हाडं उकरून जाळली. त्याच्या चोपचिनीला मात्र पुढे कुणी अडवलं नाही, ती आजही आयुर्वेदिक दुकानात मिळते.) चोपचिनी निरुपद्रवी होती, पाऱ्याचं तसं नव्हतं. वैद्य पारा देऊन रोग्याचं ‘तोंड आणत’. हिरड्या सुजायच्या, लाळ वाहायची, दात हलायचे, आणि लाळेवाटे विष निघून चाललंय असं सगळे समजत. त्यातून पुरळ मावळला तर औषधाला यश. मुळात दुसऱ्या टप्प्यातला पुरळ काही आठवड्यांनी आपोआपच मावळतो. म्हणजे औषध न देताही वैद्याचं नाव झालं असतं. चुकीचं निदान आणि चुकीचा उपचार इतका काळ टिकून राहिला, त्याचं निम्मं कारण या मावळण्यात आहे.

हर्णे तेव्हा आडवाटेचं गाव नव्हतं. समोर सुवर्णदुर्ग, किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचा हा मोठा तळ. एप्रिल १७५५ मध्ये कमोडोर विल्यम जेम्सने ‘प्रोटेक्टर’ जहाजावरून तोफा डागून तुळाजी आंग्र्यांचा सुवर्णदुर्ग पाडाव केला, तेव्हा पेशव्यांचं आरमार त्याच्या साथीला होतं. १८१८ नंतर इंग्रजांनी वर डोंगरावर दापोलीला छावणी वसवली. दापोलीला अजूनही ‘कॅम्प’ म्हणणारी माणसं भेटतात. छावणीचं बंदर हर्णेच. १८२३ साली स्कॉटिश मिशनरी बाणकोट-हर्णेला आले तेही समुद्रानेच. खलाशी, शिपाई, व्यापारी यांची जिथे अशी ये-जा, तिथे गरमीला वाट शोधावी लागत नाही.

इंग्रजांना काळजी होती ती आपल्या गोऱ्या शिपायांची. १८६८ च्या सांसर्गिक रोग कायद्याने मोठ्या शहरांतल्या वेश्यांची नोंदणी आणि सक्तीची तपासणी सुरू झाली. रोग दिसला की बाई ‘लॉक हॉस्पिटल’मध्ये कोंडायची. गिऱ्हाईक मोकळं. मुंबईत हा कायदा १८७० मध्ये लागू झाला, गुंडाळला, पुन्हा आणला आणि १८८८ मध्ये कायमचा रद्द झाला. नैतिकतेचा भाग बाजूला ठेवला तरी शास्त्र म्हणून हा प्रकार लंगडाच होता. तपासणारा डॉक्टर नुसत्या नजरेने बघणार, आणि बघण्याआधीच समोरची बाई कोण आहे हे त्याला ठाऊक. तिच्या अंगावरचा कुठलाही चट्टा गरमीचा ठरायचा. प्रतिष्ठित घरातल्या पुरुषाच्या अंगावरचा तोच चट्टा ‘रक्तदोष’ व्हायचा. निदान रोगाचं व्हायच्या ऐवजी माणसाचं होत होतं, आणि हे फक्त साहेबाच्या डॉक्टरांनीच केलं असंही नाही.

याच काळात मुंबईत एक इंग्रज डॉक्टर वेगळ्या मार्गाने चालला होता. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर. ‘ग्रेज ॲनाटॉमी’तली चित्रं ज्याच्या हातची, तोच हा. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवून, मध्ये काही वर्षं साताऱ्याला सिव्हिल सर्जन राहून तो मुंबईला परतला होता. कार्टरची सवय अशी की रोग वरून कसा दिसतो यावर थांबायचं नाही, दुखरा भाग कापून भिंगाखाली घालायचा. शेतकऱ्यांच्या पायाला होणाऱ्या मायसेटोमावर आणि महारोगावर त्याने असंच काम केलं. १८७६-७८ च्या दुष्काळात खेड्यापाड्यांतून उपाशी माणसं मुंबईत लोटली, तापाची साथ आली, आणि १८७७ मध्ये कार्टरला त्या रोग्यांच्या रक्तात वळवळणारे मळसूत्री जंतू दिसले. हा उलटून येणारा ताप, उपदंश नव्हे. पण तो जंतू आणि उपदंशाचा जंतू एकाच स्पायरोकीट कुळातले. बहुरूप्याचा एक भाऊबंद मुंबईत असा सापडला. खुद्द बहुरूपी मात्र आणखी २८ वर्षं हुलकावणी देत राहिला, कारण तो फार बारीक होता आणि नेहमीचा कुठलाही रंग त्याला चढत नव्हता.

३ मार्च १९०५. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातले त्वचारोगतज्ज्ञ एरिक हॉफमन यांनी दुसऱ्या टप्प्यातल्या एका रुग्ण स्त्रीच्या पुळीतून काढलेला द्रव फ्रिट्झ शाउडिन यांच्यापुढे ठेवला. शाउडिन प्राणिशास्त्रज्ञ, डॉक्टर नव्हे. बहुधा त्यामुळेच त्यांच्या मनात आधीचा कुठला पूर्वग्रह नव्हता. ताज्या, न रंगवलेल्या द्रवात त्यांना अतिशय फिकट, नाजूक, पीळदार असं काहीतरी हलताना दिसलं. फिकट म्हणून नाव पडलं ‘पॅलिडा’. आज त्याला ट्रेपोनेमा पॅलिडम म्हणतात. लांबी ६ ते १५ मायक्रॉन, जाडी मायक्रॉनच्या पाचव्या हिश्श्याहून कमीच. बर्लिनच्या वैद्यक सभेत कुणी फारसा विश्वास ठेवला नाही. उपदंशाचे ‘जंतू’ त्याआधी डझनांनी सापडून बाद झाले होते. अध्यक्षांनी ‘आता पुढचा जंतू सापडेपर्यंत सभा तहकूब’ अशा अर्थाचा टोमणा मारला, असं सांगतात. शाउडिन पुढच्याच वर्षी, चौतिसाव्या वर्षी, वारले. त्यांच्या जंतूला मात्र पुढे कुणाला बाद करता आलं नाही.

द्रवात जंतू दिसला, पण कातडीच्या आत तो कुठे बसतो हे कसं पाहायचं? पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या लेवादितींनी चांदीची वाट धरली. जन्मजात उपदंशाने दगावलेल्या अर्भकांच्या यकृताचे तुकडे सिल्व्हर नायट्रेटमध्ये भिजवायचे आणि मग छायाचित्राच्या काचेसारखे ‘डेव्हलप’ करायचे. चांदी जंतूच्या अंगावर बसते, जंतू फुगून काळा दिसतो, बाकीचं पेशीजाल पिवळसर राहतं. १९२० मध्ये मिशिगनच्या वॉर्थिन आणि स्टॅरी यांनी अख्ख्या तुकड्याऐवजी काचपट्टीवरच्या पातळ कापावर हे करण्याची सोपी रीत बसवली. आजही पॅथॉलॉजीच्या कुठल्याही विद्यार्थ्याला ‘वॉर्थिन-स्टॅरी’ हे जोडनाव पाठ असतं. मध्यंतरी १९१३ मध्ये नोगुची आणि मूर यांनी वेड्यांच्या इस्पितळात दगावलेल्या रोग्यांच्या मेंदूत हाच जंतू दाखवला, आणि त्यांच्या वेडाचं मूळ उपदंशात आहे की नाही हा जुना वाद मिटला.

चांदीची रीत तशी वेळखाऊ आणि लहरी. त्यामुळे रोजच्या कामात रक्ताची तपासणी पुढे गेली. १९०६ ची वासरमन चाचणी, मग १९४६ ची व्हीडीआरएल. त्यांतही एक मेख आहे. व्हीडीआरएल जंतूला शोधत नाही. ती कार्डिओलिपिन नावाच्या स्निग्ध पदार्थाविरुद्ध रक्तात तयार झालेली प्रतिपिंडं मोजते, आणि ती दुसऱ्या कारणांनीही तयार होतात. मलेरियाने होतात. महारोगाच्या गाठी येणाऱ्या प्रकारात तर बऱ्याचदा होतात. आता कोकणातला एखादा रोगी डोळ्यांसमोर आणा. कानाच्या पाळ्या जाड, चेहऱ्यावर गाठी, रक्त ‘पॉझिटिव्ह’. महारोग की उपदंश? की दोन्ही? चेहरा सांगत नाही आणि रक्त खोटं बोलू शकतं. हवाई बेटांवर फिच नावाच्या डॉक्टरने महारोग हीच उपदंशाची चौथी पायरी आहे असा दावा केला होता. त्याला हसणं सोपं आहे, पण हा गोंधळ सगळीकडेच होता.

कोकणापुरता मुंबईचा रस्ता तेव्हा पाण्यातून जायचा. गिरणगावातला चाकरमानी बोटीने गावी यायचा. बोट हर्णेसमोर खोल पाण्यात नांगरायची, उतारू पडावातून किनाऱ्याला लागायचे. ट्रंकेत बायकोला लुगडं, पोरांना खाऊ असायचा, आणि एखाद्याच्या अंगात, त्याचं त्यालाही ठाऊक नसताना, गरमी असायची. पहिली जखम दुखत नाही आणि आपसूक भरते, म्हणून तो बरा झालो असं समजून आलेला. पुढे बायकोचे गर्भ पडत राहायचे आणि गाव तिलाच बोल लावायचा.

हे मराठीत उघडपणे लिहिणारा माणूस हर्णेच्या शेजारच्या मुरुडात जन्मला, १४ जानेवारी १८८२ रोजी. रघुनाथ धोंडो कर्वे. महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. या उद्योगापायी विल्सन कॉलेजातली नोकरी सोडावी लागली. ‘गुप्त रोगांपासून बचाव’ हे पुस्तक लिहिलं आणि १९२७ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ मासिक एकहाती चालवलं. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते, तरीही दोनशे रुपये दंड झालाच. कर्व्यांचं म्हणणं त्या काळाच्या कानांना झोंबणारं होतं. गुप्तरोग हा पापाचा दंड नव्हे, जंतूंनी होणारा रोग आहे. जंतूला नीती कळत नाही. तेव्हा अडवायचा तो जंतू, आणि त्याला रबरी साधनं आहेत, औषधं आहेत.

कर्वे डॉक्टर नव्हते, त्यांनी काचपट्टी रंगवली नाही. पण प्रयोगशाळेत जे सिद्ध झालं होतं ते घराघरांत बोलण्याचा विषय व्हावा यासाठी त्यांनी जी किंमत मोजली, तिच्यापुढे कित्येक एम.डी. फिके पडतात, असं माझं मत आहे. त्याच सुमाराला, १९३५ मध्ये, मुंबईत डॉ. यू. बी. नारायणराव यांनी गुप्तरोगांवरचं वैद्यकीय नियतकालिक सुरू केलं. देशातल्या त्वचारोगतज्ज्ञांचं आजचं मुख्य नियतकालिक त्याचंच वंशज. डॉक्टर मंडळी आपसांत इंग्रजीत बोलत होती, कर्वे मराठीत दंड भरत होते.

कातडीचा तुकडा काढून भिंगाखाली तपासण्याची शिस्त मुंबईत रुजली ती मुख्यतः वसंत रामजी खानोलकरांमुळे. १९४१ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय उघडलं, प्रयोगशाळा त्यांच्या हाती आली. त्यांचं नाव कर्करोगाशी जोडलं जातं, पण महारोगाच्या अगदी सुरुवातीच्या चट्ट्यांत कातडीच्या आत काय घडतं यावरचं त्यांचं काम तितकंच मोलाचं. महारोगाची दाहक पेशींची गर्दी मज्जातंतूंच्या मागे लागते, हे काचपट्टीवर बघायला या पिढीने शिकवलं. उपदंशाची गर्दी रक्तवाहिन्यांभोवती जमते. जो गोंधळ व्हीडीआरएलला सुटत नव्हता, तो इथे सुटू लागला.

मग पेनिसिलिन आलं. १९४३ मध्ये अमेरिकेत महोनींनी ते उपदंशावर पहिल्यांदा वापरलं, १९५५ पासून आपल्या पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये ते तयार होऊ लागलं. रोग इतका मागे हटला की डॉक्टरांच्या एका अख्ख्या पिढीने दुसऱ्या टप्प्यातला पुरळ क्वचितच पाहिला. न पाहिलेली गोष्ट ओळखायची कशी? १९८६ मध्ये चेन्नईत एचआयव्हीचे देशातले पहिले रुग्ण सापडले आणि बहुरूपी पुन्हा दारात उभा राहिला, तोही अनोळखी सोंगात. फ्रान्समध्ये बाझँ यांनी १८५९ सालीच वर्णिलेला ‘लुइस मॅलिग्ना’ हा उग्र प्रकार पुन्हा दिसू लागला: ताप, अंगभर खोल व्रण, त्यावर कालवाच्या शिंपल्यासारखी थरावर थर चढलेली खपली. कुणात नुसत्या गाठी, लिम्फोमा वाटाव्यात अशा. कुणात लायकेन प्लेनससारखे जांभळट चट्टे. हाता-पायांच्या तळव्यांवरचे तांबूस डाग ही पुस्तकातली हुकमी खूण, पण ती पुस्तकं गोऱ्या कातडीवरून लिहिलेली. सावळ्या तळव्यावर तेच डाग काळपट, कोंडा सुटलेले दिसतात आणि चिखलीवर घालायचं मलम देऊन माणूस घरी जातो.

भर म्हणून अशा वेळी रक्तही दगा देतं. प्रतिपिंडं प्रमाणाबाहेर असली तर व्हीडीआरएल उलट ‘निगेटिव्ह’ येते. रक्त पातळ करून पुन्हा तपासलं तरच खरं उत्तर मिळतं. प्रयोगशाळेला कुणी सांगितलं नाही तर ती पातळ कशाला करेल?

तेव्हा मग तुकडा काढायचा. भूल देऊन चार मिलिमीटरचा पंच कातडीवर टेकवून फिरवायचा, तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकायचा. तो मेणाच्या ठोकळ्यात बसतो, त्याचे चार-पाच मायक्रॉन जाडीचे काप निघतात, नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात रंगतात. पॅथॉलॉजिस्टला आधी दिसतं ते कातडीचा वरचा थर खाली लांब, निमुळत्या बोटांनी उतरलेला, थोडं सोरायसिससारखंच. पण खालच्या रक्तवाहिन्यांचं अस्तर सुजलेलं, पोकळी अरुंद झालेली, आणि भोवती प्लाझ्मा पेशींचा गराडा. सोरायसिसमध्ये या पेशी सहसा नसतात. इथे त्याच्या मनात शंका आली तर अर्धं काम झालं. कधीकधी प्लाझ्मा पेशी फार थोड्या असतात आणि शंकाही येत नाही.

शंका आली की चांदीचा रंग मागवायचा, आणि इथे आपल्या लोकांपुरती एक अडचण उभी राहते. उपदंशाचा जंतू वरच्या थराच्या तळाशी गर्दी करतो. सावळ्या कातडीतलं मेलॅनिन बसतं तेही तिथेच, आणि चांदी दोघांनाही काळं करते. शिवाय त्वचेतले बारीक तंतूही चांदी घेतात. काळ्यात काळा दोरा शोधायचा. यावरचा उपाय इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, प्रयोगशाळेच्या बोलीत आयएचसी. ट्रेपोनेमाला चिकटणारी प्रतिपिंडं काचपट्टीवर घालायची आणि ती जिथे चिकटली तिथे रंग उमटवायचा. नेहमीचा तपकिरी रंग मेलॅनिनमध्ये हरवतो, म्हणून लाल रंग घेतात. मग चाळीसच्या भिंगाखाली पेशींच्या फटीफटींतून लाल, नागमोडी धागे स्पष्ट दिसतात, कधी दोन-चार, कधी मोजता येणार नाहीत इतके. संशय महारोगाचा असेल तर शेजारच्या कापावर फाइट-फराको रंग चढवून महारोगाचे जंतू वेगळे शोधतात. एका तुकड्यातून दोन्ही रोगांची झडती होते. समोरचा माणूस खलाशी आहे, कारकून आहे की घराबाहेर न पडलेली गृहिणी, हे त्या काचपट्टीवर कुठेच लिहिलेलं नसतं.

तुकड्याच्याही मर्यादा आहेत. तिसऱ्या टप्प्यातल्या गाठींत जंतू इतके विरळ असतात की आयएचसीलाही सापडत नाहीत, तिथे जंतूचा डीएनए शोधणारी पीसीआर उपयोगी पडते. आयएचसीची प्रतिपिंडं स्पायरोकीट कुळातल्या इतर जंतूंनाही चिकटू शकतात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या आदिवासी भागात एकेकाळी लहान मुलांना होणारा यॉज हा रोग याच जंतूच्या जुळ्या भावाने व्हायचा, कातडीच्या साध्या स्पर्शाने पसरायचा, आणि भिंगाखाली दोघांत फरक करता येत नसे. रक्ताच्या चाचण्याही दोघांत सारख्याच. अशा मुलाच्या कागदावर ‘उपदंश’ असा शेरा पडणं म्हणजे केवढा अन्याय! भारतातून यॉज संपल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये प्रमाणित केलं, हा प्रश्न आपल्यापुरता सुटला.

हर्णेच्या रोग्याचा तुकडा पूर्वी मुंबईपर्यंत प्रवास करायचा. रत्नागिरी जिल्ह्यात डेरवणला २०१५ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, रत्नागिरीत सरकारी महाविद्यालय २०२३ मध्ये. साधी बायॉप्सी आता जिल्ह्यातच वाचता येते. अडतं ते दुसरीकडेच. बाटलीसोबत जो कागद जातो, त्यावर डॉक्टर बहुतेक वेळा ‘सोरायसिस?’ किंवा ‘लायकेन प्लेनस?’ लिहितात. पॅथॉलॉजिस्ट त्याच चष्म्यातून बघतो. विशेष रंग आपणहून कुणी चढवत नाही, कारण त्याला पैसे आणि वेळ लागतो. म्हणून तरुण डॉक्टरांना सांगणं इतकंच, की जो पुरळ महिनाभराच्या मलमांना दाद देत नाही, त्याच्या कागदावर ‘उपदंश?’ हा शब्दही लिहा आणि रक्त पातळ करून तपासायला सांगा. रोग्यासमोर संकोच वाटत असेल तर तो कागदावर उतरू देऊ नका. आणि वाचकांना: जिल्हा रुग्णालयांतल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये रक्ततपासणी आणि उपचार मोफत आहेत, गरोदरपणात ही तपासणी प्रत्येकीची व्हायलाच हवी, आणि रोग सुरुवातीच्या टप्प्यात सापडला तर बहुतेकांना २४ लाख युनिट पेनिसिलिनची एकच मात्रा पुरते. नवरा-बायको दोघांनी मिळून जावं.